सर ओढ्यापाशी परत फिरले होते

ढवळे सर आज सकाळी गेले.
आणि सोमवारी भर व्हायव्हात मला त्यांचीच चूक सांगायची आहे.

फोनवरच टाइप करून राह्यले.

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. सर माझे पीएचडीचे गाईड. जालन्याला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. मूळचे आष्टीचे, शेतकरी घरातले. मी वाटूरची.

मी बीएला होते तेव्हाची गोष्ट. सर त्यांचा स्वतःचा गाजलेला अभ्यास शिकवत होते. खेड्यातल्या बायका काळजी कमी करतात, असा निष्कर्ष. वाटूरला घरोघर फिरून काढलेला.

मला बाकावर बसल्या बसल्या हे पटेना. आई आठवली. बसला जरा उशीर झाला की फाट्यापर्यंत चालत येणारी माझी आई.

तोंडातून निघूनच गेलं, "सर, तुम्ही वाटूरला आल्ते, मंग आमच्याकडं का न्हाई आले?"

अख्खा वर्ग माझ्याकडं वळला. म्हटलं, मेले, आता इंटर्नलचे मार्क गेले.

सर म्हणाले, "अगं, मारुतीच्या मंदिरापासून निघालो. उजव्या हातानं चालत दर पाचवं घर. कोणाला विचारायचं ते मी ठरवलंच न्हाई. एकदम बराबर पद्धत आहे."

"आणि गल्ली संपली की?"

"की परत मंदिरापाशी. मंग दुसरी गल्ली."

"आमची बौद्धवस्ती कोणत्याच गल्लीनं लागत न्हाई सर. मधी ओढा आहे."

सरांनी खडू ठेवला. तास तिथंच संपवला.
तो आठवडा माझा कसा गेला, माझं मला माहीत.

रविवारी सर गाडीवर वाटूरला हजर! मंदिरापाशी गाडी लावली आणि निघाले उजव्या हातानं चालत. मी मागं मागं. ओढ्यापाशी थांबले.

"इथून मी परत फिरलो होतो," म्हणाले. "पलीकडची घरं दिसत होती की मला. तरी फिरलो."

मंग ओढा उतरून घरी आले.

आईची घाबरगुंडी. माझ्या कानात, "आपल्याकडचा चहा घेतील का गं सर?"
सरांनी घेतला. वरून साखर कमी आहे म्हणून तक्रार पण केली.

मंग आईला विचारलं, "ताई, तुम्हाला कशाकशाची काळजी वाटती?"

आई म्हणाली, "कशाची न्हाई वाटत ते विचारा सर, लवकर आटपंल."

सर एवढे हसले की ठसका लागला. मंग हळूहळू त्यांचं हसू गेलं.

माझा पीएचडीचा विषय त्या चहावर ठरला. तोच अभ्यास परत करायचा, पण गावाच्या शेवटच्या घरापासून आत यायचं. वाटूर, आष्टी, हसनाबाद.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलं की घरी कोण सापडणार? ज्यांना वेचायला जायची गरज न्हाई त्याच बायका. म्हणून दिवेलागणीला जायचं. आणि सरांचा फोन ठरलेला: "कोण भेटलं ते सोड. कोण न्हाई भेटलं ते सांग."

डेटा आला. ओढ्यापलीकडं काळजी कमी बिमी काही न्हाई. उलट जास्तच.

मी तर हवेतच! थीसिसला नाव देऊन टाकलं, 'ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रिया'.
सरांनी लाल पेनानं खोडलं. "महाराष्ट्र फिरून आली का गं तू? तीन गावं म्हण. मी एका गावावरून सगळ्या खेड्यांचं बोललो, तू तिनावरून राज्याचं बोलून राह्यली."

व्हायव्हाची पहिली स्लाइड त्यांनीच लिहून घेतली. जुना निष्कर्ष का चुकला. खाली सरांचं पूर्ण नाव.

मागच्या आठवड्यात सरांना दवाखान्यात भेटले तेव्हा म्हटलं, "सर, लोक म्हणतील हिनं गाईडचीच चूक काढली."
"मंग कोणाची काढणार? तिथं तर मीच गेल्तो."
नळ्या लावलेल्या, तरी हसून राह्यले.

आज आष्टीला अंत्यविधीनंतर विभागातल्या एका वरिष्ठांनी मला बाजूला घेतलं. "ताई, ती स्लाइड आता काढून टाका. माणूस गेलाय. बरं दिसत न्हाई."

त्यांचं पण काय चुकलं? गेलेल्या माणसाबद्दल आपण वाईट बोलत न्हाई.

आणि काकू, सरांच्या पत्नी, सोमवारी येणार म्हणतात. पहिल्या रांगेत बसणार. नवरा जाऊन चार दिवस न्हाई झाले, आणि समोर पडद्यावर त्यांची चूक? काकू उठून गेल्या तर? बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, ही कसली पोरगी, तर?

तीनदा स्लाइड डिलीट केली, तीनदा परत आणली.

शेवटी आईला फोन लावला. सगळं सांगितलं.
आईनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "ते ओढा उतरून आल्ते ते पण सांगशील ना?"

न्हाई गं आई. ते स्लाइडवर न्हवतंच. नुसती चूक होती.

आता लिहिलंय. चुकीच्या खालीच. स्लाइड राहणार. आणि तीच पहिली राहणार.

सर, सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीनं, सगळ्या जिल्ह्याच्या वतीनं असलं काही लिहीत न्हाई. लाल पेन आठवतं. तेवढं माझं सॅम्पल न्हाई.

एका घरापुरतं सांगते. वाटूरला, ओढ्याच्या पलीकडं, आमच्या घरात आज चूल पेटली न्हाई.

त्या घराकडून शेवटचा जय भीम, सर.