फोटोत काय दिसतंय, ते लिहा

माझ्या साडूइतका दमवणारा माणूस जबलपुरात दुसरा नाही. असला तरी तो माझ्या सासुरवाडीत नाही, एवढी देवाची कृपा. आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस म्हणून मी नाना तऱ्हेचे लोक झेलले, पण याच्यापुढे हात टेकले बुवा. हा वेबसाइटी बनवतो. बनवतो म्हणजे, बनत आलेली वेबसाइट अडवून धरतो. आंधळ्याला ऐकू आली पाहिजे, थरथरत्या हाताला चालवता आली पाहिजे, नाहीतर ती वेबसाइटच नाही, असं त्याचं म्हणणं.

म्हणणं बरोबर आहे हो! पण कुणाच्याही घरी गेला की चहाच्या आधी कॉम्प्युटरचा माउस काढून खिशात टाकतो आणि म्हणतो, "आता चालवून दाखवा." माझं तत्काळचं तिकीट त्यापायी दोनदा हुकलंय. एका लग्नपत्रिकेवर फिक्या गुलाबीवर पांढरी अक्षरं होती. ती हातात घेऊन मुलीच्या बापाला म्हणाला, "काका, हे वाचता नाही येऊन राहिलं. पाहुणे यावेत असं वाटत नाही का तुम्हाला?" भेडाघाटला नावेत बसलो, तर नावाडी नेहमीसारखा तोंडाची टकळी लावून एकेक खडक सांगत होता. बाकीचे फोटो काढत होते, आणि हा डोळे मिटून ऐकत होता. उतरताना नावाड्याला मिठी मारून म्हणाला, "भैया, तुमसे अच्छी वेबसाइट पूरे शहर में नहीं है." नावाडी घाबरून दोन पावलं मागे सरकला.

आता याचं मूळ सांगतो. माझी मेहुणी, म्हणजे याची बायको, गाण्याची बाई. गेल्या काही वर्षांत तिची नजर हळूहळू गेली. आता फोन तिला सगळं वाचून दाखवतो. फक्त फोटो आला, आणि त्यामागे कुणी शब्द लिहून ठेवले नसले, की फोन नुसतं 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो. ती मला एकदा म्हणाली, "भाऊजी, कुणाला विचारलं की म्हणतात, काही नाही गं, असाच फोटो आहे. असाच म्हणजे कसा? मला एकदा एकटीनं, कुणाला न विचारता, सगळे फोटो पाहायचे आहेत."

मंडळाच्या वर्धापनदिनाला साडूनं बनवलेली आमची वेबसाइट सुरू व्हायची होती. त्यात जुने-नवे फोटो, तिच्या गाण्याचेही. साडूनं प्रत्येक फोटोमागे वर्णन लिहिलं. कौतुक नाही, मखलाशी नाही, दिसतं तेवढंच. पण लिहिलं त्याच्या मराठीत, आणि तपासायला यादी गेली सगळ्यांकडे! तीन पिढ्या जबलपुरात, शाळा हिंदी. त्यानं लिहिलं, 'अध्यक्ष समई लावण्याची चेष्टा करत आहेत.' हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे बँकेच्या बदलीवर पुण्याहून नुकत्याच आलेल्या आमच्या अध्यक्षांना कोण सांगणार? "मी समईची चेष्टा करतो?" म्हणून ते माझ्यावर कडाडले. त्यातच बालवर्गाच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या फोटोमागे होतं, 'बाई मुलांना शिक्षा देताना.' अध्यक्षांनी फर्मान काढलं, सगळी वर्णनं काढून टाका, नुसते फोटो ठेवा.

निरोप द्यायला रांझीला, साडूच्या घरी, मलाच जावं लागलं. साडू म्हणाला, "चलो, मग फोटोही काढून टाका. तिला नाही, तर कुणालाच नको." आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. आत मेहुणी चहा गाळत होती, आणि तिचे हात थांबलेले मला दिसत होते. काय करणार? कपाळावर हात मारला, चष्मा लावला आणि दुपारभर त्याच्या शेजारी बसून मराठी सुधारलं. चेष्टेचा प्रयत्न केला, शिक्षेचं शिक्षण केलं. अध्यक्षांनी ते वाचलं, दोनदा हूं म्हटलं आणि होकार दिला. मला ताप भरायचा तेवढा राहिला.

वर्धापनदिनाला मंडळाच्या मागच्या खोलीत मेहुणी एकटी फोन कानाशी धरून बसली. साडू कुणाला आत सोडेना. आम्ही दोघं दारात उभे. ती मध्येच हसायची. 'समई पेटत नाही, अध्यक्षांच्या हातात आणखी एक काडी आहे,' हे तर तिनं पुन्हा ऐकलं. मग तिच्याच गाण्याचा फोटो आला. फोन बोलला, 'हिरव्या साडीतल्या बाई पेटीवर गात आहेत. शेजारी त्यांचे पती उभे आहेत. केस पूर्ण पांढरे.'

तिनं ते पुन्हा लावलं. मग हाक मारली, "अहो, इकडे या." तो गेला, समोर बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"सांगितलं काहून नाही मला?"

"तुला काळेच माहीत होते. म्हटलं, तुझ्यापाशी तरी राहू दे."

"मग इथं काहून लिहिलं?"

"फोटोत दिसून राहिलं होतं ना," तो म्हणाला.

बाहेर अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं आणि चिटणिसाला हाका येत होत्या. मी गेलो नाही. ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत होती, आणि विचारत होती, "कानाजवळचे पण?"