साबूत कानांचे मामा

“कान तं साबूतच हायेत बे याचे. हा कायचा चॅम्पियन?” ओसरीवर बसलेला जानेफळच्या तालमीतला पैलवान माझ्या मामांकडे बघत शेजाऱ्याला हळूच म्हणाला.

कुस्तीत पैलवानांचे कान मोडतात. ज्याचे कान धड, तो कधी लढलाच नाही, असं आमच्याकडे सगळे धरून चालत. माझे मामा मात्र कुस्तीगीर नव्हते. कलकत्त्यात तिकीट लावून होणाऱ्या ठोशांच्या लढतींत गोऱ्या सोजिरांना, म्हणजे इंग्रज शिपायांना, पाडून ते चॅम्पियन झाले होते.

मामांनी ते ऐकलं. “उद्या आखाड्यात ये. दाखवतो तुले.”

“हाव, येतो ना.”

मला संशय होता तो वेगळाच. सुटीत इंग्रजी शाळेतून घरी आल्यापासून मी मामांना न्याहाळत होते. डावीकडून कोणी आलं की ते दचकत. सकाळी मी चहाचा कप मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, तर त्यांनी चहा अजून का आला नाही, म्हणून विचारलं.

पैलवान उठला आणि मामांच्या डाव्या बाजूला उभा राहून लढत पक्की करायला त्यानं हात पुढे केला. मामा समोरच बघत राहिले. पुरुषांच्या बैठकीत मी कधी तोंड उघडत नसे.

“मामा, लढू नका,” मी म्हणाले. “तुम्हाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही.”