भोईरकाकांना म्यूट केल्याची गोष्ट

माझ्याशी मतभेद असणारा एकही माणूस मला माहीत नाही. कारण असा माणूस दिसला की मी त्याला लगेच म्यूट करतो.

मी तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर. पंप-मोटारवाल्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द (असं माझं मत, आणि विरोधी मत मला दिसतच नव्हतं!). ग्रुपवर एक सोय आहे. एखाद्याला म्यूट केलं की त्याला आपलं सगळं दिसतं, पण त्याचं लिखाण आपल्याला दिसत नाही. वैतरण्याचे भोईरकाका, निवृत्त फिटर, माझ्या प्रत्येक सल्ल्याखाली ‘साहेब, तसा नाय’ असं लिहायचे. तिसऱ्यांदा लिहिलं आणि काका गेले म्यूटमध्ये!

आमची केतकीही त्याच ग्रुपवर. डिप्लोमा करून ती पालघरला एका वर्कशॉपमध्ये लागली आहे.

“बाबा, मला जे पटत नाही ना, ते मी आधी वाचते,” ती एकदा म्हणाली.

“वाच, वाच. बीपी वाढेल तेव्हा कळेल,” मी म्हणालो.

तिच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी नऊला आमच्या बोईसरजवळच्या सरावलीच्या घरातलं पाणी गेलं. अंगणाखालच्या टाकीत पाणी भरपूर, मोटार जोरात फिरतेय, आणि गच्चीवरची टाकी कोरडी! अकराला साठ माणसं यायची होती. त्यात व्याही स्वतः कारखान्यातले. मेंटेनन्सवाल्याच्या घरी पाणी नाही हे त्यांना कळलं असतं तर मला बोईसर सोडून जावं लागलं असतं.

“प्लंबरला बोलावू का?” सौभाग्यवतींनी विचारलं.

“प्लंबर? माझ्या घरात?” मी पंपाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘मोटार फिरते, पाणी चढत नाही. आतला पंखा गेला आहे, पंप खोलतोय. कुणाचं काही वेगळं मत?’

कुणाचंच वेगळं मत नव्हतं! ‘बरोबर सर’, ‘खोला सर’, ‘आपके जैसा कोई नहीं सर’. एवढं एकमत बघून मला भरून आलं. मी नवी कोरी चादर अंथरली (ती पाहुण्यांसाठी काढून ठेवलेली होती, हे मला नंतर सांगण्यात आलं) आणि तिच्यावर अख्खा पंप मोकळा केला.

पंखा ठणठणीत होता.

तेवढ्यात व्याह्यांचा फोन. “निघालो हो पालघरहून!”

“या, या! सगळं तयार आहे!” हातात नट घेऊन मी म्हणालो.

केतकी बाहेर आली. पैठणी नेसलेली, केसांत गजरा, हातात मोबाइल.

“बाबा, भोईरकाकांचं वाचलं नाहीत का? तुम्ही फोटो टाकल्यावर दोनच मिनिटांत लिहिलंय त्यांनी.”

“काय लिहिणार ते? ‘तसा नाय’?”

तिने मोठ्याने वाचलं, “‘साहेब, पंप खोलू नका. पयला फुटव्हाल बगा. टाकीत सोडलेल्या पायपात तांब्याभर पानी वता. पानी खाली उतारला तर फुटव्हालमंदी कायतरी अडाकला हाय.’”

फुटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या टोकाची झडप, पाइपातलं पाणी धरून ठेवणारी. केतकीने पदर खोचला, पाइपात तांब्या ओतला. पाणी गडप! तिने पाइप वर ओढला, झडपेत बोट घातलं आणि एक ओलं पांढरं फडकं बाहेर काढलं.

“अहो, हे तर तुमचं बनियन!” सौभाग्यवती ओरडल्या.

होतंच. आदल्या दिवशी साखरपुड्यासाठी म्हणून खालची टाकी मी स्वतः जुन्या बनियनने घासली होती. सौभाग्यवती त्यासाठी माणूस लावायला निघाल्या होत्या, त्यांना म्हणालो होतो, “माझ्यासारखी टाकी कुणाला घासता येणार नाही!” तसंच झालं.

पंप जोडायला मी पुढे सरसावलो. केतकी एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त नट धरा.” तिने थेट भोईरकाकांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढऱ्या मिशांचा एक हसरा माणूस आला.

“पोरी, सील नीट बसव गं. घाई नाय करायची. साहेब हायत ना बाजूला?”

“आहेत काका. नट धरून बसलेत.”

“बरा हाय. मोठा मानूस हाय तो, मी त्यांचा सगला वाचतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ज्यांची एक ओळ वाचली नाही, ते माझं सगळं वाचत होते! तिथेच उजव्या हाताने मी त्यांचं म्यूट काढलं (डाव्या हातात नट होते).

व्याह्यांची गाडी वाटेतल्या उमरोळीला आल्याचा फोन आला तेव्हा केतकीने बटण दाबलं. गच्चीवरच्या टाकीत पाण्याचा धो धो आवाज सुरू झाला. पैठणीला ग्रीसचा हा एवढा डाग, गजरा कानावर लोंबतोय, आणि पोरगी हसतेय! खरं सांगतो, तेवढा अभिमान मला माझ्या एकाही प्रमोशनचा वाटला नव्हता.

व्याही आले. डाग त्यांना लगेच दिसला. मी छाती पुढे काढून म्हणालो, “पंप बिघडला होता. आमच्या केतकीने दुरुस्त केला!”

“वा! पण साखरपुड्याच्या दिवशीच बिघडवला कुणी?”

केतकीने माझ्याकडे पाहिलं. सौभाग्यवतींनी पाहिलं. दोरीवर वाळत घातलेल्या बनियननेही पाहिलं असावं.

“होता एक अतिशहाणा,” मी म्हणालो. “त्याला आम्ही सकाळीच म्यूट केलंय!”