आत्याच्या वाट्याला आलेला शब्द

परदेशात शिकायला जायचं म्हणून मुलीने इंग्रजीची परीक्षा द्यायचं ठरवलं आणि राऊ उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये असले जडजड शब्द शिरले, की माझी जीभच वळेना. तिच्याही डोक्यात ते टिकेनात. मग तिने युक्ती काढली, प्रत्येक शब्दाला घरातलं एक माणूस. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी; तो बाबांचा, कारण ते एकच चहापत्ती दोनदा उकळतात. 'इरॅसिबल' म्हणजे चटकन चिडणारी. तो कुणाचा, हे मी विचारलंच नाही.

'गॅरुलस' गेला तिच्या आत्याकडे. माझ्या या नणंदबाई, आमच्या ताई, छत्रीबागेत राहतात. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की पोह्यांची बशी रिकामी होते, चहा निवतो, तरी गोष्ट पुढे सरकलेली नसते.

परीक्षेच्या आधी त्या मुद्दाम लाडू घेऊन आल्या. दारातच मुलगी लाडाने म्हणाली, "आली माझी गॅरुलस." ताईंनी कौतुकाने अर्थ विचारला. खोटं बोलायचं नाही, हे मीच तिला शिकवलेलं.

"बिनाकामाचं खूप बोलणारी," ती म्हणाली.

ताई हसल्या आणि गप्प झाल्या. त्या दिवसापासून आमच्याकडे आल्या की विचारलं तेवढंच उत्तर देत. मुलीने माफी मागितली, गळ्यात पडली. "जाऊ दे बेटा" म्हणून त्यांनी विषय संपवला. आपलेच दात, आपलेच ओठ, रागावणार कुणावर? ज्या बडबडीला मी इतकी वर्षं वैतागले, तिच्यावाचून मला घर खायला उठलं. मुलगी पास झाली. निघाली तेव्हाही ताईंनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ताई इथेच होत्या. पोरीचा चेहरा उतरलेला. जेवलीस का, एवढं विचारून ताई फोन माझ्याकडे देऊ लागल्या.

"आत्या, फोन नको देऊस. इथे दिवसभर माझ्याशी कोणी बोलतच नाही. तू बोल ना."

"काय बोलू बेटा?"

"बिनाकामाचं."

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि शेजारणीने नवा मिक्सर आणला तिथून सुरुवात केली. मी चहा करून आणला. तो निवला, तरी मिक्सर अजून खोक्यातच होता.