दारातला वरवंटा

वत्सलाताईंच्या दारात वरवंटा असायचा. वराळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना पाटा त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला होता, पण वरवंटा सोबत आणला. दुपारचं जेवण झालं की तो दाराला आडवा लावून त्या दार सताड उघडं ठेवत. आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबली की आधी तो काळा दगड दिसे आणि मग आतून हाक येई, "या, चहा टाकते." कोण आलंय हे त्या नंतर बघत.

मुलांनो, तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा त्या समोर राहायला आल्या नव्हत्या, म्हणून तुमची भेट राहून गेली. त्या तिकोणा गडाच्या पायथ्याच्या तिकोणा पेठ या गावी आरोग्य उपकेंद्रात नर्स होत्या. बदलीची संधी आली तरी गेल्या नाहीत. आज तिकोण्याच्या वाटेवर जी माणसं ताक आणि लिंबू सरबत विकतात, त्यांतल्या कितीतरी जणांना जन्मल्यावर पहिली चापट वत्सलाताईंची बसली होती. गाव त्यांना 'शिष्टरबाई' म्हणे. यजमान लवकर गेले. मंदार हा एकुलता एक मुलगा लोणावळ्याला वसतिगृहात शिकला, इंजिनिअर झाला, आणि त्यानेच हा फ्लॅट घेतला.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरत नाही. पेठेत बाई बाळंतपणात अडली की घरातल्या म्हाताऱ्या सगळी कुलपं उघडत, पेट्यांची झाकणं वर करत, गुरांच्या दाव्यांच्या गाठीसुद्धा सोडत. मी विचारलं, "आणि तुम्ही शिकलेल्या असून ते चालू द्यायचात?"

"चालू द्यायची काय, मीच सांगायची," त्या म्हणाल्या. "कुलपाचा आणि बाळाचा काही संबंध नाही, एवढं मला माहीत होतं. पण सासू किल्ल्या शोधत हिंडली की खाटेपाशी रडत बसत नाही. आणि सगळं घर उघडं दिसलं की अडलेल्या बाईला धीर येतो. धीर आला की निम्मं काम झालं."

मंदार घरूनच काम करायचा. त्याच्या कंपनीच्या संगणकावर प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असतो. थोडा वेळ हात थांबला की ठिपका पिवळा होतो, आणि मग साहेबाचा निरोप येतो: कुठे आहात? मंदार वाईट मुलगा नव्हता. आईचं औषध कधी चुकवलं नाही त्याने. पण जेवायला बसला तरी मधूनच उठून माउस हलवून येई. वत्सलाताई मला म्हणत, "आम्ही आजारी माणसाच्या नाडीवर बोट ठेवायचो. याच्या साहेबानं धडधाकट माणसाच्या ठेवलंय."

त्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत फाटकाचं अॅप आलं. कुणी पाहुणा आला की पहारेकरी त्याचं नाव आपल्या फोनमध्ये घालतो, घरमालकाच्या फोनवर घंटी वाजते, आणि मालकाने 'परवानगी' किंवा 'नकार' दाबायचं. मला ते सोयीचं वाटलं, अजूनही वाटतं. एकट्या बाईला दारात कोण उभं राहणार हे आधी कळलेलं बरं. वत्सलाताईंकडे साधा बटणांचा फोन होता, म्हणून त्यांच्या घराची घंटी मंदारच्या फोनवर वाजायची.

मावळात भाताची झोडणी झाली की नव्या तांदळाचा पहिला वाटा कुणाकुणाकडे जायचा हे ठरलेलं असतं. पेठेतल्या कित्येक घरांत त्यात शिष्टरबाई असायच्याच. दिवाळी झाली तशी त्यांनी तांदळाचा मोठा डबा घासून उन्हात ठेवला. "आता येतील एकेक जण," म्हणाल्या. डबा गॅलरीत तसाच राहिला. मी विषय काढला तर म्हणाल्या, "त्यांनाही कामं असतात. मी काय, निवृत्त बाई." पुढे तो डबा आत गेला. मग एके दुपारी मी लिफ्टमधून बाहेर आले आणि दारात वरवंटा दिसला नाही. दार बंद होतं. मला पहिल्यांदाच त्यांच्या घरची बेल वाजवावी लागली. त्यांनी दार उघडलं, चहाही केला, पण त्या बोलल्या नाहीत. जेवण कमी झालं, रोजचं फिरणं बंद झालं. मंदारने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

मग तळेगावच्या भाजीबाजारात मला हिराबाई भेटल्या. पेठेतल्या हिराबाई, अॅप येण्याआधी एकदा वत्सलाताईंकडे आल्या होत्या, तेव्हाची आमची ओळख. मी म्हटलं, "काय हो, या वर्षी फिरकला नाहीत?"

हिराबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "आमी आल्तो की. तांदूळ घिऊन आल्तो. फाटकापाशी हुबं केलं. त्यो पोऱ्या फोनात बघून म्हनला, वरनं नको म्हनलंय. आमच्या मागनं शांता आलती, तिलाबी तसंच. आता शिष्टरबाईच नको म्हनल्या तर कुनाला काय इचारायचं?"

"एक फोन करून यायचं ना."

"फोन करून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच गोंधळले. "आपल्या मान्साकडं जायचं तर आदी इचारत्यात व्हय? परक्यावानी?"

मी रिक्षा केली आणि थेट वत्सलाताईंच्या घरी गेले. मंदार जेवत होता. ऐकलेलं सगळं सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "कामाच्या वेळेत यायच्या घंट्या," तो म्हणाला. "अनोळखी नावं. मला वाटलं, काहीतरी विकायला आलेत. बघितलंच नाही नीट, आई. दाबलं आणि मीटिंगला गेलो."

वत्सलाताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण महिन्याभरानंतर चेहऱ्यावर रंगही दिसत होता. मग म्हणाल्या, "तुझ्या जन्मानंतर मी तापानं फणफणले होते. तेव्हा तुला हिरानं पाजलं. तिच्या अंगावर तिची पोर होती, तरी आधी तुला. आणि तू तिला नकार दाबलास होय रे?" रागवायचं म्हणून बोलायला गेल्या आणि मध्येच हसू आलं त्यांना. मंदारला मात्र हसता येईना. आत संगणकावर कसलासा आवाज झाला. तो उठला. मला वाटलं, माउस हलवायला गेला. तो गाडीची किल्ली घेऊन आला.

"ठिपका पिवळा होईल," वत्सलाताई म्हणाल्या.

"होऊ दे. चला, मावशी, तुम्हीपण."

कामशेतवरून पवनेच्या काठाने आम्ही पेठेत पोचलो तेव्हा हिराबाई बाजारातून नुकत्याच येऊन अंगणात बसल्या होत्या. गाडीतून कोण उतरतंय ते त्यांनी पाहिलं आणि उठून दाराला आडवा हात लावून उभ्या राहिल्या.

"कोन पायजे? नाव सांगा. आत इचारून येते, परवानगी मिळती का बगू."

वत्सलाताई तिथेच, उन्हात, उभ्या राहिल्या. "नाव वत्सला. विचारून ये. तवर उभी राहते मी."

"आन् ह्यो कोन?"

"हा तुझं दूध पिऊन तुलाच फाटकातून परत पाठवणारा."

मंदारने वाकून नमस्कार केला. हिराबाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला आवाज येईल असा, आणि मग तो हात तिथेच ठेवला. "वाळलाय गं ह्यो," त्या वत्सलाताईंना म्हणाल्या. "खातो का न्हाई?" तोवर शांताबाई आल्या, आणखी कुणी कुणी आलं. संध्याकाळी परतताना गाडीच्या डिकीत इतका इंद्रायणी तांदूळ होता की सगळी गाडी वासाने भरून गेली होती. वाटेत मंदारचा फोन सारखा वाजत होता. त्याने गाडी कडेला घेऊन, घाटमाथ्याकडे बघत एकदाच उचलला आणि साहेबाला शांतपणे सांगितलं, "आईला घेऊन आजोळी आलोय." ते आजोळ नव्हतं तसं. पण दुसरा शब्द कोणता वापरणार?

दुसऱ्या दिवशी तो आईसाठी नवा फोन आणायला निघाला होता. त्यांनी अडवलं. "मला माणसांना हो-नाही म्हणायला लावू नकोस." मग त्यानेच फाटकावर जाऊन सांगितलं की 'शिष्टरबाई' हा शब्द तोंडातून आला की कुणालाही न विचारता वर सोडायचं. वरवंटा दारात परत आला. मंदारचं काम तेच, ठिपकाही तोच. पण दुपारी कुणी पेठेहून आलं की तो बाहेर येऊन बसायचा, आणि ठिपका व्हायचा तो पिवळा होत असे.

गेल्या थंडीत वत्सलाताई गेल्या. अंथरुणाला फार दिवस खिळल्या नाहीत. पेठेत कसं कळलं कोण जाणे, सकाळीच टेम्पो भरून माणसं फाटकाशी आली. मी गॅलरीतून पाहत होते. पहारेकरी खिशातून फोन काढत होता, इतक्यात मंदार खाली पोचला. माणसांना आत येण्यापुरती छोटं दार त्या फाटकाला आहे, तेवढं पुरलं असतं. त्याने दोन्ही मोठ्या झडपा भिंतीपर्यंत उघडल्या. मग वर आला आणि घरातली कपाटं, पेट्या, तांदळाचा डबा, जे जे बंद होतं ते उघडत सुटला. मी त्याला थांबवलं नाही. हिराबाई खाली बसून एका जुन्या ट्रंकेची कडी काढू लागल्या.

वरवंटा त्याने मला दिला. दुपारी मी तो माझ्या दाराला लावते. माझ्यासारख्या एकट्या बाईला दार उघडं ठेवणं सुरुवातीला जड गेलं, आता सवय झाली.

तुमची रविवारची व्हिडिओ कॉलची वेळ मी कॅलेंडरवर लिहिलेली आहे, ती तशीच राहू द्या. मला ती आवडते. मी केस नीट करून बसते. पण एखाद्या आडवारी, काही काम नसताना, आधी न विचारता फोन करा. मी काय करत असेन याचा विचार करू नका.