राहुरीकरीण

सुमनला हे माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय — आणि बघा, सांगतानाही कॉम्प्युटरचंच आधी सांगतोय. तेच सोपं वाटतं.

सुमन माझी बायको. शाळेत शिक्षिका होती. कर्जत आणि आसपासच्या तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायकांचं बोलणं ती आणि तिच्या मैत्रिणी वर्षानुवर्षं रेकॉर्ड करत आल्या. प्रत्येक बाईचा एक फोल्डर, आणि त्याला नाव गावाचं, पुढं तिथं हाक मारतात तेच, माहेरावरून — श्रीगोंदेकरीण, राहुरीकरीण. माझ्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर असे हजारो फोल्डर एकाच जागी साठले. ती जागा उघडली की कॉम्प्युटर नुसता बसून राहायचा. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून रिटायर झालेला. मला तो पसारा बघवेना. आधी तालुका, त्यात गाव, त्यात बाईचं नाव-आडनाव — अशी मांडणी करायची ठरवली.

"अहो, बायकांना गावात आडनावानं कोण ओळखतं?" ती हसली होती. "हरवतील तुमच्या शिस्तीत."

मी ऐकलं का? छोटा प्रोग्राम लिहिला आणि सगळं हलवलं. कॉपी न ठेवता.

तिच्या माहेरी, एकाच भावकीत, दोन सीताबाई काळे होत्या. एक श्रीगोंदेकरीण. दुसरी राहुरीकरीण — सुमनची आई. रेकॉर्डिंगना नाव म्हणून नुसते आकडे होते, एक, दोन, तीन. दोघी एकाच फोल्डरात गेल्या आणि एकीच्या आवाजावर दुसरीचा आवाज बसला. तिथं आधीच कुणी आहे, हे लिनक्स सांगत नाही; गुमान पुसतो. मी विचारू शकलो असतो — सुमन शेजारच्याच खोलीत होती.

फोल्डर उघडून पाहिला, तर एकटी श्रीगोंदेकरीण बोलत होती.

सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. "आगं बंद कर की ते, लई बोलून घेतलंस!" — हे त्यांचं वाक्य आलं की सुमन दर वेळी नव्यानं हसायची.

आणि मी काय सांगितलं? वीज कडाडली, डिस्कचा तेवढा भाग जळला. नेमका तेवढाच? — तिनं विचारलं नाही. "मीच प्लग काढायला विसरले," एवढंच म्हणाली. फोल्डर चुकून गेला. गप्प मी जाणूनबुजून राहिलो.

काल दुपारी आभाळ भरून आलं. सुमन गुडघ्यावर हात टेकून उठली, घरातले प्लग एकेक काढत आली. शेवटचा माझ्या खुर्चीखाली होता.

"पाय घ्या जरा," ती म्हणाली.

मी घेतले.