डाव्याचं उजवीकडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. आत्ता तुम्हाला का सांगतोय, ते मलाही धड कळत नाही — पण ऐका.

सत्तरच्या दशकात शुक्रवार पेठेतल्या एका गॅरेजात मी हेडमिस्त्री होतो. हात चांगला होता माझा. लोक म्हणायचे तसं, आणि मलाही ते खरं वाटायचं. त्या गुर्मीतच सगळं घडलं का? नाही — तेही कारण नको.

दत्तू करमाळ्याकडचा. पेठेतल्याच एका सुताच्या व्यापाऱ्याची काळी मोटार चालवायचा. माझा मित्र. गाडी आमच्याकडं आली की डबा आम्ही एकत्रच खायचो, आणि त्याची बायको शेंगाचटणी माझ्या वाटणीची वेगळी बांधून द्यायची.

एकदा त्यानं पुढच्या ब्रेकला नवीन लायनर घालायला गाडी आणली. मी दोन्ही चाकं उतरवली, ब्रेक ज्या लोखंडी पाटीवर बसतो त्या पाटीसकट खोलले. त्या पाट्या दिसायला जुळ्या, पण डावी वेगळी, उजवी वेगळी. अदलाबदल झाली तर पेडल टणक लागतं, आणि गाडी मात्र पुढं सरकत राहते. मागं घेताना तीच गाडी जागच्या जागी थांबते.

मी डावी उजवीकडं बसवली.

बोळात फिरवून पाहिली. मागं घेताना झटक्यात थांबली. पुढं जाताना धरेना. मला तिथंच शंका आली — आली होती, हे आज पहिल्यांदा म्हणतोय. पण चाकं पुन्हा उतरवायची, सगळ्या गॅरेजासमोर? मी दत्तूला सांगितलं, लायनर नवीन आहेत, चार दिवसांत घासून बसतील. त्यानं मान डोलावली. माझ्या शब्दावर तो चावी घेऊन गेला.

माढ्याच्या अलीकडं एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन रस्ता ओलांडत होती. सोना तिचं नाव. दत्तूची गाडी थांबली नाही, ती जागीच गेली. गाडी पुढं बाभळीवर आदळली.

दत्तूला पोलिसांनी धरलं. मोटार ओढून आमच्याच गॅरेजात आणली, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब यायचे होते. गाडी आणली त्या दिवशी गॅरेजाला सुटी. भर दुपारी मी एकटाच आत गेलो, चाकं उतरवून ब्रेकवरचे ड्रम काढले. पाहिलं. मग — काय केलं असेल मी? पाट्या बदलल्या. डावी डावीकडं, उजवी उजवीकडं. ब्रेकमधली हवा काढली, हात धुतले, घरी जाऊन जेवलो. जेवण नीट गेलं, हेही सांगतो.

साहेबांनी ब्रेक तपासले, ठीक निघाले. कोर्टात मीही तेच सांगितलं. दत्तूला शिक्षा झाली.

सुटून आल्यावर तो थेट माझ्याकडं आला. वाळला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "बिरेक दाबला हुता मी. लई दाबला. तू गाडी खोलली हुतीस. खरं सांग, बराबर हुता का?"

दुसरं कुणी नव्हतं तिथं. कोर्ट नव्हतं, पोलीस नव्हते. एवढंच विचारत होता तो.

मी म्हटलं, "व्हय. बराबर हुता."

"मग माजाच पाय उशिरा गेला," तो म्हणाला. आणि उठताना, "तू तरी खरं सांगितलंस."

त्यानं पुन्हा कधी गाडी चालवली नाही. गावी गेला, दुसऱ्याच्या रानात राबला. दर सुगीला मात्र माढ्याकडं जायचा. सोनाच्या नवऱ्याच्या रानात ज्वारी काढू लागायचा, पेंढ्या बांधायचा, भाकरी आपली आपण बांधून न्यायचा. पहिल्या वर्षी त्या माणसानं त्याला दगड मारून हाकललं होतं. दत्तू बांधावर बसून राहिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं, आणि मी तिला म्हटलं, चांगलं करतोय. असं म्हटलं मी.

दत्तू गेला तेव्हा मातीला मी करमाळ्याकडं गेलो. सोनाचा नवराही आला होता. म्हातारा झालेला. दत्तूच्या घरी परतल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी दत्तूचा मित्र, एवढंच त्याला ठाऊक.

"चुकला हुता," तो म्हणाला, "पर चूक मानली त्यानं. असा माणूस न्हाय बघितला."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. समोर दत्तूची बायको पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती.

मी म्हटलं, "व्हय, लई चांगला हुता." आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघालो.